फिरकीचा तांब्या आणि साकेची सुरई

काही जागा माणसाला शोधून सापडत नाहीत. योग्य वेळ आली की त्या आपणहून दार उघडतात. हे वाक्य कुठल्या थोर ग्रंथातलं नाही, माझंच आहे, आणि अनुभवावरून लिहिलेलं आहे. वेळ आली ती माझ्या नणंदेवर, जालना रोडवर, दुपारी तीनच्या सुमाराला. त्यांना तातडीने संडासाला जायचं होतं.

वन्सं माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. वैजापूरच्या अलीकडे त्यांची शेती आहे. दोन मुलं कांदा-कपाशीकडे बघतात आणि वन्सं त्या दोघांकडे बघतात. वय सत्तरीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, बाहेरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही असा नेम. गुडघा दाखवायला त्या महिन्यातून एकदा आमच्याकडे शहरात येत आणि येताना सोबत पितळेचा फिरकीचा तांब्या आणत. त्याचं झाकण आट्यांवर फिरवून असं घट्ट बसतं की एसटीत तांब्या आडवा पडला तरी थेंब सांडत नाही. आतून दरवर्षी कल्हई केलेली, कारण त्यात पाणी नसे, घरच्या ताकाचा मठ्ठा असे, आणि ताक पितळेत कळकतं. दवाखान्याच्या बाकावर बसून दोन घोट मठ्ठा घेतला की डॉक्टरांनी हात लावायच्या आधीच निम्मं दुखणं जातं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांचं काय म्हणणं होतं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी चिकलठाण्याकडच्या एका व्यायामोपचारवाल्याकडून आम्ही परत निघालो होतो. पुढे पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्ता खोदलेला. आमच्या शहरात पाणी कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण त्याच्यासाठीचे खड्डे मात्र अगदी वेळेवर येतात. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि मागे वळून जाहीर केलं, "खाला, अब आधा घंटा कुछ नै होता. आराम से बैठो."

"बसायचंच तर जमंना झालंय," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, काही तरी बघ."

बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. एक टायरचं दुकान, आणि त्याला लागून एक परमिट रूम. आपल्या राज्यात दारू प्यायची तर सरकारचा परवाना लागतो आणि तो आरोग्याच्या कारणासाठी दिलेला असतो. त्यामुळे कायद्याच्या नजरेने पाहिलं तर परमिट रूम हे प्रकृती सुधारण्याचं ठिकाण आहे. कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला, पण अशा ठिकाणी मी कधी पाय टाकला नव्हता. टाकावा की नाही हे ठरवेपर्यंत वन्सं आत पोचल्या होत्या.

आतला वेटर आम्हाला पाहून हातातलं फडकं पाठीमागे लपवायला लागला. "मावशी, फॅमिली सेक्शन वरती आहे."

"वर कोण चढंल? गुडघा बघ माझा. संडास कुठंय ते सांग."

वेटर प्रामाणिक होता. "इथल्यात नका जाऊ मावशी," तो आवाज उतरवून म्हणाला. "मागं जपान्यांचं आहे. तिथलं धुतलेलं असतं."

जपानी म्हणजे काय हे विचारत बसण्याची ती वेळ नव्हती. बिअरच्या रिकाम्या क्रेटांमधून आडवं होऊन जावं लागेल असा एक बोळ, त्याच्या टोकाला हिरवं दार, दारावर पांढऱ्या रंगात 'स्टोअर रूम'. मी कडी वाजवली. पन्नाशीच्या एका गृहस्थाने दार उघडलं. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, खिशाला टॉर्च. आम्ही कोण, कशाला आलो, काहीही न विचारता तो म्हणाला, "सावकाश. पायरी आहे. डोकं सांभाळा."

मुंबई-पुण्यात म्हणे हल्ली छुप्या बारची फॅशन आहे. पुस्तकाचं कपाट ढकललं की आत बार, टेलिफोनच्या बूथमधून गेलं की आत बार; दार लपवायला लोक पैसे मोजतात. इथलं दार लपलेलं होतं याचं कारण एवढंच की परमिट रूमचा मालक क्रेट हलवायला तयार नव्हता.

वन्सं आत गेल्या आणि मी त्या माणसासमोर उभी राहिले. काही तरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "हे काय आहे?"

"साकेची खोली," तो म्हणाला. "साके म्हणजे जपानी लोकांची तांदळाची दारू. मुंबईहून रीतसर येते."

तो वेरूळचा. लहानपणी लेण्यांसमोर पर्यटकांना पोस्टकार्डं विकता विकता जपानी बोलायला लागला, पुढे रीतसर शिकला आणि गाईड झाला. मधल्या वर्षांत परदेशी पर्यटकांचे जथे आटले, तेव्हा शेंद्र्याच्या एका जपानी कारखान्यात दुभाषाचं काम धरलं. तिथल्या मोठ्या साहेबांनी एकदा त्याला सांगितलं की या गावात मला सगळं मिळालं, संध्याकाळी बसायला जागा तेवढी मिळाली नाही. गाईडने ही स्टोअर रूम भाड्याने घेतली. आठ माणसं बसतील एवढा लाकडी फळीचा एक लांब कट्टा फुलंब्रीच्या सुताराकडून करून घेतला. ती फळी साहेबांनी तीन रविवार स्वतःच्या हाताने काचकागदाने घासली होती.

"आणि आता महिनाअखेर साहेब कायमचे परत चाललेत," गाईड म्हणाला. "रिटायर झाले. त्यांच्या जागी नवे साहेब येणार, ते अजिबात पीत नाहीत. जपानी लोकांत कसं असतं मॅडम, मोठा साहेब जिथं बसेल तिथं बाकीचे बसतात. तो आला नाही की कुणी येत नाही. मालकाला ही खोली क्रिकेटचा टीव्ही लावायला पाहिजेच आहे. तो महिनाअखेरीवर टपून बसलाय."

"मग तुम्ही?"

"मग परत लेण्यात," तो म्हणाला. "पोस्टकार्डं तर आता कुणी घेत पण नाही."

तेवढ्यात वन्सं बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर देवदर्शन झाल्यासारखा आनंद होता.

"वहिनी! आत संडासाच्या चपला येगळ्या ठिवल्यात! बाहेरच्या बाहेर, आतल्या आत!"

"जपानी पद्धत आहे, आक्का," गाईड म्हणाला. "संडासात घातलेली चप्पल खोलीत आणायची नाही."

"आमचीपण तीच पद्धत. सुनांना सांगून सांगून जीभ झिजली माझी." त्यांनी खोलीकडे नव्या आदराने पाहिलं. "माणसं आपल्यातली दिसत्यात."

आणि त्या बसल्या. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण वन्सं खुणा वाचण्यातल्या नाहीत.

कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक जपानी गृहस्थ बसले होते. तेच मोठे साहेब. किडकिडीत, पांढरे केस, समोर बोटभर वाटी आणि वाडगाभर उकडलेल्या तुरीच्या शेंगा. त्यांच्या देशात साकेबरोबर सोयाबीनच्या हिरव्या शेंगा उकडून मीठ लावून खातात म्हणे. इथे पौषात तुरीच्या मिळतात, आणि साहेबांना त्यातला फरक दुसऱ्या वर्षापासून जाणवेनासा झाला होता. शेंग दातात धरून दाणे ओढायची त्यांची पद्धत कुठल्याही वैजापूरकराला मान खाली घालायला लावणारी होती.

गाईडने ताबडतोब एक छोटं पुस्तक काढलं. "आधी तुमचे परवाने करतो. एक दिवसाचे."

"आम्ही काही घेणार नाही," मी म्हणाले.

"ते बरोबर आहे मॅडम. पण या खोलीत बसलेल्या प्रत्येकाकडे कागद असला पाहिजे, हा माझा नियम. लेण्यात मी कधी कुणाला भिंतीवरच्या रंगाला हात लावू दिला नाही."

अशा रीतीने माझ्या माळकरी नणंदेला दारू बाळगण्याचा आणि पिण्याचा परवाना मिळाला. कागदावर आरोग्य राखण्याबद्दल काही तरी छापलेलं होतं. वन्संनी तो लांब धरून वाचला, "बरोबर लिव्हलंय" असं म्हणाल्या आणि घडी करून कनवटीला लावला.

त्यानंतर गाईडने टॉर्च काढला. खोलीत दिवा होता, व्यवस्थित उजेड होता, पण वीस वर्षांची सवय. "आता इकडं लक्ष द्या. वरची फळी, डावीकडून तिसरी बाटली. थंड प्रांतातली. हिच्यासाठी तांदूळ घासून घासून निम्मा करतात. आतला गाभा तेवढा ठेवतात."

"निम्मा तांदूळ वाया?" वन्सं कळवळल्या.

"आक्का, वेरूळला तरी काय केलंय? डोंगर काढून टाकला, म्हणून देऊळ दिसलं."

मी तीस वर्षं कैलास लेणं शिकवलं, आणि इतकं नेमकं वाक्य मला एकदाही सुचलं नाही. याचा थोडा राग आला, तो मी तुरीची शेंग खाऊन गिळला.

बाटल्यांबद्दलचं त्याचं प्रवचन असंच चालू राहिलं. कुठली कोमट प्यायची, कुठली गार, कुठल्या घोटानंतर जिभेवर कुठलं फळ आठवतं. दारूविषयी गंभीर बोलणारी माणसं मला नेहमीच संशयास्पद वाटत आली आहेत. गाणं न येणाऱ्याने घराण्यांबद्दल बोलावं तसं ते असतं. पण हा माणूस स्वतः थेंबभरही घेत नव्हता, त्यामुळे त्याच्या बोलण्यात एक निर्मळ श्रद्धा होती. त्याने इथले नियमही मला सांगितले. आपली वाटी आपण भरायची नाही. शेजाऱ्याने भरायची, आणि आपण त्याची. कुणाची वाटी रिकामी दिसली की भरलीच पाहिजे. पुरे झालं असेल तर वाटी भरलेली तशीच ठेवायची, म्हणजे शेजाऱ्याला कळतं.

हे सगळं त्याने मला सांगितलं. वन्सं तेव्हा ऐकत नव्हत्या. त्या तांब्याचं झाकण फिरवत होत्या.

त्या आवाजाने मोठे साहेब वळले. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात आटे असलेल्या वस्तू तपासल्या होत्या. ते उठून आले, कमरेत वाकले आणि दोन्ही हात पुढे केले. वन्संनी झाकण त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून आट्यांवरून अंगठा फिरवला, झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं, तांब्या उलटा केला. थेंब पडला नाही. त्यांनी गाईडला काही तरी विचारलं.

"किती जुना आहे विचारतात."

"माझ्या सासूचा. मी लग्न होऊन आले तवाच जुना होता. सांग त्यांना, अजून गळत नाय."

गाईडने सांगितलं. साहेबांनी तांब्याला नमस्कार केला.

आता एवढा मान दिलेल्या माणसाला आतलं न देता कसं चालेल? वन्संनी गाईडला फर्मावलं, "यांना मठ्ठा दे. पण तुझं दारूचं भांडं नको हां. कोरं हाय का काही?"

गाईडने खोक्यातून एक न वापरलेली सुरई काढली, चिनी मातीची, वीतभर उंच, आणि तीन कोऱ्या वाट्या. सगळं त्यांच्यासमोर तीनदा विसळलं. वाटी बघून वन्सं हसल्या. "ही तर भातुकलीतली. ह्यात काय मावणार?"

मठ्ठा सुरईत गेला. वन्संनी साहेबांची वाटी भरली. साहेबांनी एका घोटात संपवली, क्षणभर भिंतीकडे पाहिलं, कारण आलं आणि हिरवी मिरची दोन्ही होती, आणि मग सुरई दोन्ही हातांनी उचलून वन्संची वाटी भरली. वन्संनी ती संपवली. साहेबांनी पुन्हा भरली. वन्संनी पुन्हा संपवली.

तिढा काय झाला होता हे चौथ्या वाटीला माझ्या लक्षात आलं. वन्सं वाढल्या त्या घरात पानात टाकणं हे पाप होतं. पुढ्यात आलेलं संपवायचं, मग वर आकाश कोसळो. आणि साहेब ज्या देशातले, तिथे शेजारणीची रिकामी वाटी बघत बसणं हा अपमान होता. वन्सं संपवल्याशिवाय राहू शकत नव्हत्या, साहेब भरल्याशिवाय. उलट बाजूनेही तेच, कारण वन्संना पाहुण्याची रिकामी वाटी आमच्या पद्धतीने पाहवत नव्हती, आणि वडीलधाऱ्या बाईने ओतलेलं न पिता ठेवणं साहेबांना त्यांच्या पद्धतीने जमत नव्हतं.

सहा वर्षांत साहेब थोडं मराठी शिकले होते. कारखान्यात शिकलेलं पहिलं वाक्य 'होऊन जाईल', आणि त्यावर विश्वास ठेवायचा नाही हेही सोबत शिकले होते. दहाव्या वाटीला त्यांनी त्यांच्याकडचा शेवटचा शब्द काढला. "पुरे."

पंक्तीत पहिल्या 'पुरे'ला कोण विचारतं? ते म्हणायचंच असतं. वन्संनी वाटी काठोकाठ भरली. "आता म्हणतोय पुरे. लाजतोय."

"आक्का, ते खरंच पुरे म्हणतात," गाईड म्हणाला.

"तू गप. तू जेवायला वाढलंयस का कधी?"

"वन्सं, तुम्ही वाटी भरलेली ठेवा, म्हणजे ते थांबतील," मी कानात सांगितलं.

"आणि टाकून उठू व्हय? माझ्या हातचं मी?"

सोळाव्या वाटीपर्यंत मी मोजलं. पुढे मोजता आलं नाही, कारण गाईड कट्ट्यावर डोकं टेकून हसत होता आणि मीही कुठे तरी मोजणं सोडलं होतं. शेवटी तांब्याने सुटका केली. वन्संनी तो उलटा धरून दाखवला, साहेबांनी आत डोकावून खात्री केली, आणि दोघांनी एकमेकांना असा नमस्कार केला की जणू फार मोठा तह झाला होता. साहेबांची साके बाजूला होती तशीच गार झाली होती. खरं तर ती कोमट प्यायच्या जातीतली होती.

बाहेर रिक्षावाला झोपला होता. रिक्षात बसल्यावर मी म्हणाले, "वन्सं, तो बार होता."

"मला आंधळी समजतीस? वासावरनंच कळलं. पण संडास स्वच्छ होता." थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "भावाला सांगू नको. उगी त्याला पण यायचं असंल."

मग वन्सं वैजापूरला गेल्या. मला वाटलं विषय संपला. पण मला त्या खोलीची आठवण येत राहिली, आणि महिनाअखेर जवळ आली तशी जास्तच. नको त्या वयात माणूस एखाद्या जागेच्या प्रेमात पडतो, आणि तीही नेमकी टीव्हीला जाणार असते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गाईडचा फोन आला. रविवारी दुपारी साहेबांचा निरोप समारंभ होता. नवे साहेब येणार होते. "मोठ्या साहेबांनी आक्कांना बोलावलंय. तांब्यासकट."

"ते कशासाठी?"

"ते सांगत नाहीत. फक्त तांब्या म्हणाले." मग त्याने खरी गोष्ट काढली. "मॅडम, नवे साहेब त्या दिवशी अर्ध्या तासात उठून गेले ना, तर सोमवारी मालक टीव्हीवाल्याला बोलावतो. त्याने मापपण घेऊन ठेवलंय भिंतीचं."

वन्सं सकाळच्या एसटीने आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात दुधाची किटली, तोंडापर्यंत भरलेली. "त्यांच्यातली माणसं किती येणार काय माहीत," त्या म्हणाल्या. "कमी पडलं तर आपल्या गावाचं नाव जाईल." नवऱ्याला आम्ही गुडघ्याचं सांगितलं. किटली कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. बहिणीला प्रश्न विचारायचे नाहीत हे ते सहाव्या वर्षी शिकलेत.

खोलीत कट्ट्याशी साहेब मंडळी ओळीने बसली होती. मधोमध नवे साहेब. पंचेचाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ. त्यांच्यासमोर साकेची वाटी काठोकाठ भरलेली होती, आणि त्या वाटीला कुणीही हात लावत नव्हतं, ते स्वतः तर नाहीच. त्यांनी न प्यायल्यामुळे बाकीचेही ओठ ओले करून थांबत होते. समोरची सुरई कुणी उचलेना. एकमेकांना वाढायचं हीच जिथली रीत, तिथे एकाने भरलेली वाटी पुढ्यात ठेवली की सगळी ओळ अडते. मला आमच्या कॉलेजातले निरोप समारंभ आठवले. फक्त तिथे शाल असायची.

गाईड टॉर्च घेऊन बाटल्या समजावत होता. टॉर्चचा उजेड एका बाटलीवर पडत होता आणि माहिती दुसरीची चालली होती. मोठे साहेब चार वाक्यं बोलले. टाळ्या झाल्या. नवे साहेब चार वाक्यं बोलले. टाळ्या झाल्या. नव्या साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही, पण न पाहण्यासाठी त्यांना प्रयत्न करावा लागला, हे आम्हा सगळ्यांना दिसलं.

वन्सं कोपऱ्यात बसून तेवढंच बघत होत्या. त्यांचं लक्ष त्या भरलेल्या वाटीवर होतं.

"ह्यांनी का टाकलं?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"आक्का, हळू. ते घेत नाहीत."

"घेत नायत तर वाढलं कशाला? नको ते पानात वाढायचं आन् मग माणसानं टाकलं म्हणून तोंड पाडायचं, ही कुठली रीत?"

वन्सं गुडघ्यावर हात टेकून उठल्या, नव्या साहेबांच्या पुढ्यातली वाटी उचलून मोठ्या साहेबांपुढे सरकवली, स्वतःच्या पिशवीतून एक कोरी वाटी काढून पदराने पुसली आणि तांब्याचं झाकण फिरवलं. मोठे साहेब खाली बघून गालात हसत होते. त्यांनी तांब्या कशाला मागवला होता ते मला तेव्हा समजलं.

नव्या साहेबांनी पांढऱ्या द्रवाकडे पाहिलं, मग गाईडकडे. गाईडने मान हलवली. साहेबांनी वास घेतला. घोट घेतला. मिरची लागली. डोळ्यांत पाणी आलं, खोकला आला. मग त्यांनी वाटी संपवली आणि कट्ट्यावर ठेवली.

रिकामी.

मोठ्या साहेबांनी सुरई उचलली तेव्हा ती मठ्ठ्याने भरलेली होती. गाईडने कधी भरली ते मला दिसलं नाही. त्यांनी वाटी भरली. नव्या साहेबांनी ती संपवली, सुरई त्यांच्या हातातून घेतली आणि वन्संची वाटी भरली. मग शेजारच्याची. मग उठून त्याच्या शेजारच्याची. ओळीतला सर्वांत तरुण इंजिनिअर साहेबांनी आपल्याला वाढलं म्हणून उभाच राहिला आणि त्याचं डोकं दिव्याला लागलं. दिवा हलला, खोली हलल्यासारखी वाटली, आणि मग सगळे एकदम हसायला लागले. कुणाकडे साके, कुणाकडे मठ्ठा, कुणाच्या वाटीत काय हे कुणाला कळेना. तुरीच्या शेंगांचं पातेलं दोनदा संपलं. कुणी तरी जपानी गाणं म्हटलं. वन्संना त्याची चाल शेतात कापणीला म्हणतात त्या भलरीसारखी वाटली, म्हणून त्यांनी भलरी म्हटली. किटलीचा तळ दिसायला लागला तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं आणि अर्ध्या तासाचे तीन तास झाले होते.

नवे साहेब गाईडला काही तरी म्हणाले. गाईडचा चेहरा पाहून मला वाटलं, गेलं सगळं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, सतरा वर्षं ते असं पुढ्यात भरलेली वाटी ठेवून बसतात आणि लवकर उठतात. कुणाला वाढता येत नाही, कुणाकडून घेता येत नाही." त्याने नाक पुसलं. "आणि विचारतात, हे दर शुक्रवारी मिळेल का?"

आम्ही सगळ्यांनी वन्संकडे पाहिलं.

"दर शुक्रवारी मी वैजापूरहून किटली घेऊन येऊ व्हय?" वन्सं म्हणाल्या. "चल, दाखवते तुला. दही कुठंय?"

परमिट रूमच्या स्वयंपाकघरात त्यांनी गाईडला उभं केलं. तिथला आचारी हात बांधून बाजूला झाला. "दह्यात पाणी घालून ढवळलं की मठ्ठा झाला, आसं नसतं. आधी लोणी काढायचं. आलं ठेचायचं, किसायचं नाय. हिंग तुपात फुलवून वरनं. मीठ शेवटी. आन् ते टॉर्च बंद कर, दिसतंय मला." गाईडने सगळं जपानीत लिहून घेतलं. का, ते त्यालाच ठाऊक.

निघताना मोठ्या साहेबांनी कट्ट्याच्या फळीवर दोन्ही तळवे टेकले. मग ते वन्संसमोर वाकले. वन्संनी तांब्या त्यांच्या हातात ठेवला. साहेब घेईनात. वन्सं हात मागे घेईनात. या खेळात वन्संशी कुणाचं काही चालत नाही हे साहेबांना अनुभवाने माहीत होतं, म्हणून त्यांनी तो घेतला. झाकण फिरवून पाहिलं तर आत साखर होती.

"भांडं रिकामं देऊ नये," वन्सं म्हणाल्या. गाईडला हे भाषांतर करावं लागलं नाही.

सोमवारी टीव्हीवाला आला. मालकाने टीव्ही पुढच्या हॉलमध्ये लावला. क्रेट अजून हललेले नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी नवे साहेब येतात, त्यांच्यामागे बाकीचे येतात, आणि हल्ली ज्यांना डॉक्टरने, देवाने किंवा बायकोने मनाई केलेली आहे अशी गावातली काही माणसंही येतात. माझा नवरा त्यांत आहे. गाईड प्रत्येकाला टॉर्च मारून बाटल्या दाखवतो आणि प्रत्येकाला एक दिवसाचा परवाना करून देतो. वन्संचा परवाना त्यांच्या पोथीत आहे. गावात कुणी गुडघ्याचं विचारलं की त्या तो काढून दाखवतात.

माझ्या माहितीप्रमाणे या शहरातली ती एकुलती एक साकेची खोली आहे. तिथे सर्वांत जास्त खपतो तो मठ्ठा. त्याला परवाना लागत नाही.